पणजोबांच्या ‘दोन चाळी’ आणि प्रोबेटची फाईल

जुना गिरगावकर (धागाकर्ता)

आमच्या घरात चार पिढ्या एकच गोष्ट चालत आलेली आहे. गिरगावात पणजोबांच्या दोन चाळी होत्या. प्लेगात ते गेले, धाकट्या भावानं मृत्युपत्र दडपलं, चाळी घशात घातल्या आणि पणजीला कडेवरच्या पोरासकट राजापूरला धाडून दिलं. त्या घराशी आमचा आजही अबोला आहे. लग्नाची पत्रिका जात नाही, येत नाही. सुतक मात्र दोन्हीकडे पाळतात.

निवृत्त झाल्यावर म्हटलं, एकदा कागदावर बघू तरी. मृत्युपत्र ‘दडपलं’ असेल तर सापडणार नाही, आणि सापडलं तर दडपलं कसं?

सापडलं. हायकोर्टाच्या टेस्टामेंटरी (मृत्युपत्रांच्या) विभागातून, एका वकिलांच्या कारकुनाच्या मदतीनं. तीनदा हात हलवत परत आलो, कारण मी आडनावावर शोधत होतो. जुन्या रजिस्टरात आमचे पणजोबा पहिल्या नावाखाली होते आणि तेही साहेबी स्पेलिंगात. ‘लक्ष्मण’ हा ‘लुक्सुमन’ आणि ‘गणपत’ हा ‘गुनपुत’ म्हणून बसलेला असतो. आपलं नाव गोऱ्या माणसाला कसं ऐकू येईल याचा विचार करून तीन-चार स्पेलिंगं लिहून न्या.

प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता घेण्याची, फाईल जाड निघाली. अर्ज, मोडीतलं मूळ मृत्युपत्र, त्याचं कोर्टाच्या भाषांतरकारानं केलेलं इंग्रजी, साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र, मालमत्तेची यादी, कर्जाची यादी, एक कॅव्हिएट आणि शेवटी एक्झिक्युटरनं (मृत्युपत्र अमलात आणायला नेमलेल्या माणसानं) दिलेला हिशेब. मृत्युपत्र शके १८२०, विलंबी नाम संवत्सर, फाल्गुन वद्यातलं, म्हणजे मार्च १८९९ संपता संपताचं. पहिल्याच वाक्यात शहरात ‘ग्रंथिक सन्निपाताची’ साथ असल्याचा उल्लेख आहे. १८९६ मध्ये मांडवीत सुरू झालेला प्लेग दरवर्षी थंडीच्या अखेरीस परत येत होता, आणि माणसं त्या धास्तीनं कागद करून ठेवत होती.

आता यादी. चाळ एक. दोन नाही. किंमत ९,००० रुपये. ओरिएंटलची विम्याची पॉलिसी १,०००. साडेतीन टक्क्यांच्या सरकारी प्रॉमिसरी नोटा ५००. दागिने ३८०. भांडीकुंडी, कपडे, पुस्तकं मिळून ६५. एकूण १०,९४५.

दुसऱ्या पानावर देणी. चाळीवर एका व्यापाऱ्याचं गहाण ६,५००, थकलेलं व्याज ४१०, दुकानदारांची बाकी २१२, अंत्यविधी १७५. वजा जाता उरले ३,६४८.

आणि भावाचं काय? त्याला पणजोबांनी एक्झिक्युटर नेमलं होतं, पण फाईलमध्ये त्याच्या सहीचा एक पानी कागद आहे की मला हे काम नको. प्रोबेट घेतलं ते दुसऱ्या एक्झिक्युटरनं, पणजोबांच्या छापखानेवाल्या मित्रानं. कॅव्हिएट लावून मृत्युपत्राला हरकत घेतली कुणी, तर पणजीच्या वडिलांनी. म्हणजे आमच्याच बाजूनं!

आत्याला (वय ८७) हे सांगितलं. ती म्हणाली, “कागद काय, त्यांचेच.”

जाणकारांनी मदत करावी. प्रश्न बरेच आहेत, एकेक टाकतो.

---

सातबारा

भारी धागा. चाळीच्या यादीत जमिनीबद्दल काय लिहिलंय ते बघा. ‘फजंदारी’ हा शब्द आहे का?

---

जुना गिरगावकर

आहे! मला वाटलं गल्लीचं नाव असेल.

---

सातबारा

नाही हो. मुंबईत फजंदारी म्हणजे जमीन एकाची, वरचं बांधकाम दुसऱ्याचं, आणि घरवाला जमीनवाल्याला वर्षाचं भाडं देतो. पोर्तुगीज काळापासूनचं प्रकरण आहे. गिरगाव, भुलेश्वर भागात असल्या जमिनी भरपूर. म्हणजे पणजोबांची मालकी लाकूड, विटा आणि कौलांवर. त्यावरही गहाण.

तुम्ही मिळकत पत्रिका काढा. मुंबईच्या पत्रिकेवर सी. एस. नंबरबरोबर जुन्या लॉटन सर्व्हेचा नंबरही असतो. कर्नल लॉटननं १८६५ ते १८७२ या काळात शहराची मोजणी केली होती. चाळ १९०० च्या सुमारास कुणाकडे गेली ते तिथून मागे जाता येईल. पुढची दस्तांची साखळी निबंधकाकडे, इंडेक्सवरून.

---

खवचट

थोडक्यात, चार पिढ्या भांडल्या त्या दुसऱ्याच्या जमिनीवरच्या, तिसऱ्याकडे गहाण पडलेल्या कौलांसाठी. अस्सल कोकणी.

---

कोर्टपक्षी

वकिली करतो, दिवाणी. दोन-तीन गोष्टी.

एक, ही फाईल आहे हेच तुमचं नशीब. १८७० चा हिंदू विल्स ॲक्ट मुंबई शहराला लागू होता, मुंबई इलाख्यातल्या बाकी मुलखाला नव्हता. १ सप्टेंबर १८७० नंतर मुंबईत केलेलं, किंवा मुंबईतल्या स्थावराबद्दलचं हिंदूचं मृत्युपत्र लेखी, सहीचं, दोन साक्षीदारांचं असावं लागे आणि त्याच्या आधारे हक्क सांगायचा तर प्रोबेट लागे. हाच माणूस राजापुरात मेला असता तर तोंडी मृत्युपत्रसुद्धा चाललं असतं. तिकडे सही-साक्षीची सक्ती १ जानेवारी १९२७ पासूनच्या मृत्युपत्रांना आली. त्यामुळे ज्यांचे पूर्वज रत्नागिरी, सातारा, खानदेशात गेले त्यांनी प्रोबेट शोधण्यात वर्षं घालवू नयेत. जिल्ह्यात १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन ८ खालचा वारस दाखला शोधा. तो कायदा महाराष्ट्रात अजून वापरात आहे.

दोन, यादीतल्या किमती पवित्र मानू नका. प्रोबेटला त्या काळी मालमत्तेच्या किमतीवर टक्केवारीनं कोर्ट फी लागायची. वर्णन अचूक, आकडा नरम, हे तेव्हाही होतंच. देण्यांची बाजू मात्र सहसा फुगलेली असते.

तीन, मृत्युपत्रात ‘ही माझी स्वकष्टार्जित मिळकत’ असं सुरुवातीला ठासून लिहिलंय का?

---

जुना गिरगावकर

हो, दोनदा. आम्हाला अभिमान वाटला होता.

---

कोर्टपक्षी

अभिमान बाळगा, पण ते वाक्य वकिलाचं आहे. एकत्र कुटुंबातल्या वडिलोपार्जित मिळकतीतला आपला हिस्सा हिंदू पुरुषाला मृत्युपत्रानं देताच येत नसे, तो मेला की तो हिस्सा उरलेल्या सहभागीदारांकडे जाई. म्हणून ‘स्वकष्टार्जित’ लिहिल्याशिवाय मृत्युपत्र उभंच राहत नसे. राजापूरची खोती यादीत नाही ना? नसणारच. लोक म्हणतात पणजोबांनी गावची जमीन लपवली. लपवली नाही, ती त्यांच्या एकट्याची नव्हती.

---

अंगणातली तुळस

साक्षीदाराच्या प्रतिज्ञापत्रात काय आहे? मी आमच्या आजेसासऱ्यांचं काढलं होतं, त्यात ठरलेला मजकूर सोडून काही नव्हतं.

---

जुना गिरगावकर

यात आहे, आणि ते कॅव्हिएटमुळे. पणजीच्या वडिलांचं म्हणणं, सही केली तेव्हा जावई तापात बरळत होता. म्हणून साक्षीदाराला सगळं सविस्तर सांगावं लागलं. साक्षीदार खालच्या मजल्यावरचा भाडेकरू, छापखान्यात कंपोझिटर. तो सांगतो की दिवेलागण झाली होती, पणजोबा ट्रंकेला टेकून बसले होते, मृत्युपत्र वाचून दाखवताना त्यांनी एका ठिकाणी थांबवून रक्कम दुरुस्त करायला लावली. आणि सही करण्याआधी त्यांनी पागोटं मागून घेतलं, डोक्यावर ठेवलं, मग बोरू हातात घेतला.

आमच्याकडे त्यांचा फोटो नाही. एवढंच.

---

मोडीवाचक

दुरुस्त केलेली रक्कम मूळ मोडीत दिसत असेल, वर खाडाखोड आणि बाजूला आद्याक्षरं. इंग्रजी भाषांतरात ते कळत नाही. मूळ पानाचा फोटो टाका ना.

---

जुना गिरगावकर

घरची नावं झाकून टाकलाय. खाडाखोड आहे, ३ चे ५ केलेत. हाच माझा मोठा प्रश्न. भाषांतरात आहे की ‘माझ्या थोरल्या बहिणीला’ तहहयात दरमहा ५ रुपये आणि चाळीतली जिन्याखालची खोली द्यावी. पण पणजोबांना बहीण नव्हती! कुलवृत्तांतात तीन भाऊ, बस. कुलवृत्तांतात मुली गाळतात हे माहीत आहे, म्हणून दोन महिने मी या बहिणीच्या मागे आहे. त्र्यंबकच्या क्षेत्रोपाध्यांच्या वहीतसुद्धा बघून आलो.

---

मोडीवाचक

फोटो मोठा करून पाहिला. ती बहीण नाही.

धावत्या मोडीत ब आणि व यांची फार गल्लत होते. त्याच पानावर चौथ्या ओळीत ‘बायको’ आहे आणि अकराव्या ओळीत ‘व्याज’ आहे. दोन्ही अक्षरं कापून या शब्दाच्या शेजारी ठेवा. लेखकाचा ब खाली गाठ मारून पुढे जातो, व ला गाठ नाही. इथे गाठ नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा तर मोडीत प्रश्नच नाही. शब्द ‘वहिणीस’ आहे. थोरल्या वहिणीस. भाषांतरकारानं घाईत बहीण वाचलं.

थोरला भाऊ आधी गेला होता का?

---

जुना गिरगावकर

बापरे. हो. कुलवृत्तांतात त्याच्यापुढे ‘निःसंतान’ एवढाच शब्द आहे. बायकोचं नावच नाही. मृत्युपत्रात तिचं पाळण्यातलं आणि सासरचं, दोन्ही नावं दिलीत.

दोन महिने गेले ते गेले.

---

मोडीवाचक

जात नाहीत. इंग्रजी भाषांतरावर कधी विसंबू नये, एवढं कळलं तरी पुरे. कोर्टाच्या मूळ शाखेचं काम इंग्रजीत चालायचं, त्यामुळे न्यायाधीशांनी वाचलं ते भाषांतर. चूक असेल तर तीच फाईलभर फिरते. कॅव्हिएटमध्ये पण ‘सिस्टर’च असेल बघा.

---

जुना गिरगावकर

आहे. दोन ठिकाणी.

---

मांडवी तीर

गोव्याहून. आमच्याकडे हा सगळा खेळ वेगळा, म्हणून कुणी गोव्यातले पूर्वज शोधत असेल तर सांगते. इथे वारशाला २०१६ पर्यंत १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेचं राज्य होतं. मुलंबाळं असली तर माणसाला मिळकतीच्या एका भागाचंच मृत्युपत्र करता येतं (१९१० पूर्वी तिसरा हिस्सा, नंतर निम्मा), उरलेलं वारसांचं ठरलेलं. नवरा-बायकोची मिळकत सहसा एकत्र, त्यामुळे विधवा आधी स्वतःचा अर्धा भाग काढून घेते. प्रोबेट शोधू नका, ‘इन्व्हेंतार’ शोधा. त्यात घरातल्या पितळी समईपासून पोफळीच्या बागेपर्यंत सगळं मोजलेलं असतं आणि वारस मुलींचीही नावं असतात. अडचण एकच, पोर्तुगीज हस्ताक्षर. मोडीपेक्षा बरं म्हणायचं.

तुमच्या पणजीला १८९९ मध्ये आमच्याकडे अर्धी चाळ मिळाली असती.

---

खवचट

अर्धं गहाणही.

---

कोर्टपक्षी

मुंबईत त्या पणजीला काय मिळालं? मुलगा असताना विधवेला वारसा नाही, अन्नवस्त्राचा हक्क फक्त. १९३७ च्या कायद्यापर्यंत हेच. मृत्युपत्रात तिच्यासाठी काय लिहिलंय, आणि उरलेल्या मिळकतीचं काय?

---

जुना गिरगावकर

अन्नवस्त्र, राहायला दोन खोल्या, आणि दागिने ‘तिचे तिला’. देणी फिटून उरेल ते निम्मं मुलाला (माझे आजोबा, तेव्हा तीन वर्षांचे), निम्मं ‘धर्मकार्यात लावावे’.

---

कोर्टपक्षी

इथे गाठ सुटते बघा, निदान माझा तर्क. १८९९ मध्येच प्रिव्ही कौन्सिलनं (तेव्हाचं लंडनमधलं शेवटचं अपील कोर्ट) रणछोडदास विरुद्ध पार्वतीबाई या मुंबईच्याच खटल्यात सांगितलं की नुसतं ‘धर्म’ म्हणून दिलेली देणगी संदिग्ध म्हणून रद्द. कुठला धर्म, कुठलं काम, कोर्टानं अंमल कसा करायचा? ती रक्कम मग वारसाकडे येते. (नंतरच्या मृत्युपत्रांत म्हणूनच अमुक देऊळ, तमुक पांजरपोळ अशी नावं येऊ लागतात.)

पणजीच्या वडिलांनी हरकत काढून घेतली ती कुठल्या अटीवर?

---

जुना गिरगावकर

पाच महिन्यांनी संमतीपत्र झालं. ‘धर्मकार्याचा’ भाग मुलाच्या नावे धरावा, विधवेला दरमहा आठ रुपये द्यावेत. डिसेंबरात प्रोबेट मिळालं.

मग एक्झिक्युटरचा हिशेब. कायद्यानं वर्षाच्या आत द्यायचा, यानं दोन वर्षं घेतली. १९०१ मध्ये चाळ ८,२०० ला विकली, गहाण फेडलं. भाडी थकलेली, कारण अर्धे भाडेकरू प्लेगच्या भीतीनं गावी पळालेले. वहिनीचे ५ रुपये शेवटपर्यंत दिलेले दिसतात, दर महिन्याला अंगठा. शेवटची शिल्लक १,१४० रुपये, ‘अज्ञानाच्या (म्हणजे वयात न आलेल्या मुलाच्या) चुलत्याच्या हवाली’. म्हणजे त्याच भावाच्या.

पुढे काही नाही. ११४० चं काय झालं ते या फाईलला माहीत नाही. आत्या म्हणते तेच कदाचित खरं, फक्त दोन चाळींऐवजी ११४० रुपये. किंवा त्यानं पंधरा वर्षं दोन माणसं पोसली आणि त्यात ते गेले. आजोबा मॅट्रिक झाले, ते राजापुरातूनच.

---

अंगणातली तुळस

हिशेबाची पहिली पानं टाकाल का? मला आकड्यांपेक्षा बाबी वाचायला आवडतात.

---

जुना गिरगावकर

टाकली. लाकडं, ब्राह्मणभोजन, भाड्याची गाडी, वगैरे.

---

अंगणातली तुळस

दहाव्या दिवसाच्या खर्चात न्हावी दोनदा आहे. एक ‘न्हावी, बाणगंगा, ०-४-०’. लगेच खाली ‘न्हावी, घरी, ०-८-०’.

पुरुषांची क्षौरं घाटावर झाली. मग घरी कुणासाठी बोलावला, तेही दुप्पट पैसे देऊन? पणजी तेव्हा किती वर्षांच्या होत्या?

---

जुना गिरगावकर

एकोणीस.

ही ओळ मी निदान चार वेळा वाचली होती. बेरीज जुळते का ते बघत होतो.

---

मोडीवाचक

…

---

अंगणातली तुळस

आमच्या आजीच्या आजीचंही असंच. घरात कुणी बोलायचं नाही. तुमच्याकडे निदान आठ आणे लिहिलेले आहेत.

---

सातबारा

वाचनखूण साठवली. विषय बदलतो, क्षमस्व. वहिनीचा अंगठा १९०१ पर्यंत आहे म्हणता, चाळ विकल्यावर जिन्याखालच्या खोलीचं काय? विक्रीच्या दस्तात तिचा हक्क राखला असेल तर लिहिलेलं असेल. निबंधकाच्या पहिल्या नंबरच्या पुस्तकाची नक्कल कुणालाही मिळते, नातं सिद्ध करावं लागत नाही.

---

जुना गिरगावकर

हे डोक्यातच आलं नव्हतं. अर्ज करतो.

---

बे एरिया मराठी

उशिरा आले. आमचे आजोबा १९६१ साली गेले, दादरला फ्लॅट. मृत्युपत्र ‘रजिस्टर केलंय’ असं बाबा म्हणत, प्रोबेट कुणी घेतलं नाही. इतक्या लांबून सुरुवात कुठून करू?

---

कोर्टपक्षी

ताई, रजिस्टर केलेलं आणि प्रोबेट झालेलं या दोन वेगळ्या गोष्टी. नोंदणी ऐच्छिक असते. नोंदलेली मृत्युपत्रं निबंधकाच्या तिसऱ्या नंबरच्या पुस्तकात असतात. करणारा हयात असेपर्यंत त्याच्याशिवाय कुणाला नक्कल मिळत नाही, तो गेल्यावर मागेल त्याला मिळते. मृत्यूचा दाखला जोडून अर्ज करा. मुंबईतल्या एखाद्या नातेवाइकाला अधिकारपत्र द्या, लंडन-कॅलिफोर्नियाहून ईमेल करत बसलात तर तुमच्या नातवंडांना धागा काढावा लागेल. लखोटा बंद करून जिल्हा निबंधकाकडे ठेवलेलं मृत्युपत्र ही आणखी तिसरी गोष्ट, त्याचं पुस्तक पाचवं. बाबा नक्की काय म्हणायचे ते आठवा.

---

बे एरिया मराठी

‘लाखेचा शिक्का’ म्हणायचे!

---

कोर्टपक्षी

मग पाचवं.

---

जुना गिरगावकर

अपडेट. विक्रीचा दस्त मिळाला. जिन्याखालची खोली राखून ठेवलेली आहे, ‘सदर बाईच्या हयातीपर्यंत’. खरेदीदारानं मान्य केलं आहे. साक्षीदारांत धाकट्या भावाची सही आहे, तोच ज्यानं एक्झिक्युटर व्हायला नकार दिला होता.

आत्याला मोठ्या अक्षरांत छापून दिलं. तिनं चष्मा लावून पूर्ण वाचलं, काही बोलली नाही. संध्याकाळी फोन करून विचारलं, “त्या थोरल्या बाईचं नाव काय म्हणालास?” सांगितलं. म्हणाली, “हे नाव माझ्या आईच्या तोंडी होतं. मला वाटायचं गाईचं नाव आहे.”

धाकट्या भावाच्या घरात त्याच्या हातची एक खर्चाची वही आहे म्हणतात, १९०१ नंतरची. पणतूचा नंबर मिळालाय. फोन अजून केलेला नाही.